काळी-पिवळीचं माहेर

बुलढाणा जिल्ह्यात तीन राजे आहेत. सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि पिंपळगाव राजा. सिंदखेडला जिजाऊंचा जन्म झाला, त्यामुळे त्या राजाची ओळख करून द्यावी लागत नाही. देऊळगावला बालाजी आहे. उरलो आम्ही. आम्हाला 'खामगाव तालुक्यातलं पिंपळगाव' असं फोड करून सांगावं लागतं, आणि एवढं सांगूनही समोरचा माणूस 'हो हो, द्राक्षांचं!' म्हणत थेट नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतला जाऊन उतरतो.

अशा गावातला माणूस बायकोला घेऊन युरोपला निघाला, की लोक काय काय विचारतील याचा मी आधीच अंदाज बांधून ठेवला होता. व्हिसा, थंडी, खर्च, तिकडे पाणी वापरतात की कागद. उत्तरं तयार होती. पण स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर जो तो एकच प्रश्न विचारत होता : "सर, तुमच्या त्या दोस्तापाशी गाडी कोनती हाये?"

दोस्त म्हणजे माझा जिल्हा परिषद शाळेतला वर्गमित्र. बरीच वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला असतो आणि मोटारींच्याच धंद्यात नोकरी करतो. मर्सिडीज आणि पोर्शे या दोन्ही कंपन्यांचा मुख्य कारभार जिथून चालतो, त्या शहरात राहून हा गृहस्थ कामावर सायकलनं जातो. घरी मोटार नाहीच. मी हे खरं खरं सांगितलं आणि टपरीवर एकदम सामसूम झाली.

"हुशार होतं पोरगं," एक जण हळहळला. "कायचं अडलं असन?"

दुसऱ्याच्या मते कर्ज झालं असावं. तिसऱ्यानं ग्लास खाली ठेवून निकाल दिला, "सायकलच चालवाची होती तं इतकं लांब कायले जा लागते? नांदुऱ्याले बी चालवता आली असती."

माझ्या दोस्तानं जर्मन भाषा शिकून, परीक्षा देऊन, परदेशात घर घेऊन कमावलेली सगळी अब्रू अशी एका चहात गेली.

सामानाचं खातं बायकोकडे होतं. उडदाचे पापड, कुरडया, ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, लाल तिखट. शेगावच्या महाराजांचा प्रसाद म्हणून पेढे न्यायचे होते, पण बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. महाराजांना हे कसं सांगायचं हा प्रश्न बायकोनं अंगारा नेऊन सोडवला. कचोरीला कुणाची हरकत नव्हती. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी शेगाव स्टेशनावर ही कचोरी सुरू केली, तेव्हापासून ती रेल्वेनं देशभर हिंडते आहे, मग विमानानं का नाही? ती गेली. पिशवी वरच्या कप्प्यात होती, तरी आमच्या पुढच्या तीन रांगांना शेगाव कुठे आलं ते न विचारता समजलं. वहिनींसाठी खामगावच्या सराफ्यातून चांदीची निरांजनं घेतली होती. खामगावची चांदी देशभर नाव कमावून आहे. तिला आता स्टुटगार्टच्या स्वयंपाकघरात जागा मिळाली.

आमच्याकडे पाहुणा येणार हे तो अंगणात चपला काढायला लागला की कळतं. आतून विचारतात, "कोन हाये?" आणि त्याच दमात चहाचं आधण वाढवतात. दोस्तानं मात्र आम्ही निघण्याच्या कितीतरी आधी फोनवर तक्ता पाठवला होता. वार, वेळ, ठिकाण, जाण्याचं साधन, आणि शेवटच्या रकान्यात 'पाऊस आल्यास'. शाळेत याच मुलाची वही कधी पूर्ण नसे. तक्त्यात एका दुपारी 'विश्रांती' असं लिहिलं होतं. बायकोनं तेवढं खोडलं. आठ तास विमानात बसून झाल्यावर आणखी विश्रांती घ्यायला आपण काय आजारी आहोत का, असं तिचं म्हणणं.

आम्ही पोचलो तो आठवडा नेमका दोस्ताच्या झाडण्याचा होता. स्टुटगार्टच्या भागात, म्हणजे श्वाबियात, इमारतीतल्या लोकांनी आळीपाळीनं जिना आणि समोरची वाट झाडायची जुनी रीत आहे. केरवोखे म्हणतात तिला. ज्याची पाळी असेल त्याच्या दाराला एक पाटी लटकते, आणि पाटी दाराला असेपर्यंत सगळ्या इमारतीचं लक्ष तुमच्या झाडूकडे. माझ्या बायकोला हा देश पहिल्यांदा आवडला तो इथे. भल्या पहाटे उठून तिनं जिना झाडला, वाट झाडली, बादलीभर पाण्याचा सडा घातला आणि हात थांबेना म्हणून दाराशी चार ठिपक्यांची रांगोळीही काढली. वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, रांगोळीला वळसा घालून उभ्या राहिल्या आणि वहिनींशी बराच वेळ बोलल्या. आम्हाला वाटलं कौतुक चाललंय. कौतुक होतंच, पण मुख्य चौकशी अशी होती, की ही आकृती नियमात आहे का? कारण पुढच्या आठवड्यात त्यांची पाळी होती आणि त्यांना ती काढता येत नव्हती.

रविवार वेगळाच. दुकानं बंद, आवाज बंद. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, रिकाम्या काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. आणि त्याच दिवशी दोस्ताला ठेचा खायची लहर आली. मिक्सरमधला ठेचा ठेचा नव्हे यावर आमचं चौघांचं एकमत होतं. शेवटी खिडक्या लावल्या, खलबत्त्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला आणि माझ्या बायकोनं जर्मन कायद्याच्या चौकटीत बसेल इतक्या हलक्या हातानं मिरच्या कुटल्या. दोस्त दाराला कान लावून उभा होता. मिरच्यांचा ठसका बाहेर गेला तो गेलाच. वासाला तिथे वेळेचं बंधन नसावं.

तक्त्यात मंगळवारी 'मर्सिडीज-बेंझ संग्रहालय' लिहिलेलं होतं. सोमवारी ते बंद असतं. बायकोचा विरोध होता. "मोटारीच पाहायच्या तं खामगावच्या बायपासवर उभं राहा ना, फुकट." पण दोस्त आता अडून बसला. ज्याच्या घरी मोटार नाही त्याला मोटारींचा अभिमान किती असावा याला मर्यादा नाही. जाताना लोकलमध्ये त्यानं सांगितलं, की मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. बायकोनं लगेच नातं लावलं : "मंग हे आपली मावशी झाली." तेव्हापासून तिचा सूर जरा निवळला. मावशीकडे आल्यावर तिच्या घरातलं सामान बघावं लागतंच.

संग्रहालयाची इमारत २००६ साली उघडली. बेन फान बेर्केल या डच वास्तुरचनाकाराच्या संस्थेनं तिची रचना केली आहे. दोन वाटा एकमेकींभोवती पीळ घेत वरून खाली येतात. लिफ्टनं आधी एकदम माथ्यावर जायचं आणि मग एकशे साठ वाहनं बघत, उतारावरून रमतगमत खाली. आपल्याकडे दर्शन नेहमी पायऱ्या चढून. इथे मोटारींचं दर्शन उतरून. "हे बांधणाऱ्याच्या आईचे गुडघे दुखत असतीन," बायको म्हणाली, आणि तिनं त्या इमारतीला मनोमन मान्यता दिली. गळ्यात अडकवायला माहिती सांगणारं यंत्र मिळतं. त्यात मराठीचं बटण नव्हतं. दोस्त होता.

लिफ्टचं दार उघडतं आणि समोर मोटार नसतेच. घोडा असतो. पांढराशुभ्र, मोठ्या चौथऱ्यावर. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म म्हणे घोड्यावर विश्वास ठेवून होता. मोटार हे चार दिवसांचं खूळ आहे असं त्याचं मत सांगितलं जातं. मला हा सम्राट ओळखीचा वाटला. आमच्याकडे पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा पारावर बसून हेच भाकीत करणारी माणसं होती. हल्ली पोळ्याच्या दिवशी त्यांचीच नातवंडं ट्रॅक्टर धुऊन, हार घालून मिरवायला काढतात. बैलही असतात, पण नारळ दोघांपुढेही फुटतो. सम्राटाला असा मधला मार्ग सुचला नसावा.

घोड्यानंतर येते ती कार्ल बेंझची तीनचाकी. २९ जानेवारी १८८६ ला त्यानं तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि तिथून मोटारीचा जन्म धरतात. तिची ताकद पाऊण अश्वशक्ती. सबंध घोडेजमात मोडीत काढायला निघालेल्या यंत्रात एक अख्खा घोडासुद्धा नव्हता. तीन चाकं, मागे आडवं मोठं गतिचक्र, पुढे वळवायचा दांडा. बायको म्हणाली, "ऑटो हाये हा." दोस्ताच्या चेहऱ्यावरून इतिहास क्षणभर उतरला.

मग त्यानं बेर्टा बेंझची गोष्ट काढली, आणि माझी बायको त्या सगळ्या इमारतीत पहिल्यांदा थांबली. बेर्टा ही कार्लची बायको. गाडी तयार होती पण विकली जात नव्हती, आणि नवरा ती घराबाहेर फार लांब न्यायला कचरत होता. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे, नवरा झोपेत असताना, बेर्टानं ऑयगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना उठवलं, गाडी बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरांहून जास्त अंतर. मोटारीनं केलेला जगातला पहिला लांबचा प्रवास.

"फोर्झहाइमले काय होतं?" बायकोनं विचारलं.

"तिची आई."

"म्हंजे माहेरी गेली."

दोस्त सांगू लागला, की इतिहासकारांच्या मते यात गाडीची जाहिरात करण्याचा हेतू मोठा होता. बायकोनं त्याला हातानं थांबवलं. पहाटे उठून, नवऱ्याला न सांगता, दोन पोरं घेऊन बाई निघाली. तिला आता जाहिरात शिकवता का? जगातली पहिली मोटार मुळात कशासाठी लांब गेली याचा तिच्यापुरता निकाल लागला होता, आणि तो निकाल मलकापूरला, म्हणजे तिच्या माहेरी, फोनवरून त्याच संध्याकाळी कळवण्यात आला.

वाटेत बेर्टानं जे केलं ते ऐकून आमच्याकडच्या कुठल्याही काळी-पिवळी जीपच्या ड्रायव्हरनं तिला उस्ताद म्हटलं असतं. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची तार उघडी पडली, तिला मोज्याच्या पट्ट्याचं आवरण घातलं. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचं लिग्रोइन विकत घेतलं. तेच दुकान आता जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून मिरवतं. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आणि चढ आला की मुलं खाली उतरून ढकलायची.

"पाह्य," बायको मला म्हणाली, "पयल्या दिवसापासून ढकलाच लागते. आपन उगाच एसटीले नावं ठेवतो."

पुढच्या दालनात नाव येतं. मेर्सेडेस ही एमिल येलिनेक नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याची लेक. त्यानं डायमलर कंपनीच्या गाड्या विकल्या, शर्यतीत उतरवल्या, आणि १९००-०१ च्या सुमाराला नव्या गाडीला लेकीचं नाव द्यायला लावलं. यात आम्हाला नवल वाटलं नाही. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रॉलीच्या मागे कुणाच्या ना कुणाच्या लेकरांची नावं असतात, वर 'आई-बाबांचा आशीर्वाद' आणि खाली 'फायनान्सची कृपा'. नवल पुढे आहे. गाडीचं नाव इतकं गाजलं, की १९०३ मध्ये बापानंच स्वतःचं आडनाव बदलून येलिनेक-मेर्सेडेस करून घेतलं. लेकीचं नाव लावणारा बाप आमच्या तालुक्यात अजून निघायचा आहे.

मधली काही दालनं भराभर उरकली. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यासाठी १९८० साली केलेली काचेच्या घुमटाची गाडी बघून बायकोनं आपोआप हात जोडले. देव कुणाचाही असो, रथ तो रथ. वळणाच्या उभ्या भिंतीवर चंदेरी शर्यतीच्या गाड्या चिकटवल्यासारख्या उभ्या आहेत. त्यांची एक दंतकथा सांगतात. १९३४ मध्ये शर्यतीच्या नियमात वजन साडेसातशे किलो ठरलं होतं, गाडी एका किलोनं जास्त भरली, म्हणून रातोरात तिचा पांढरा रंग खरवडून काढला आणि खालचा चंदेरी पत्रा उघडा पडला. काही अभ्यासक ही कथा मानत नाहीत. मी मानतो. आमच्या लाईनवरच्या गाड्यांचे रंग तर कुणी न खरवडताच गेले आहेत, आणि त्यांचा वेग वाढल्याचं मी स्वतः बघितलं आहे.

मला ज्या जागेपासून पुढे हलता येईना, ती डिझेलच्या गाड्यांची. १९३६ ची २६० डी. कारखान्यात रीतसर बनू लागलेल्या पहिल्या डिझेल मोटारींतली ही. दोस्तानं तिथे उभं राहून तिची वंशावळ सांगायला सुरुवात केली आणि मी ती मधूनच हिसकावून घेतली. कारण या वंशावळीचा शेवट पिंपळगाव राजाच्या स्टँडवर होतो.

आता नीट सांगतो. १९५४ मध्ये टाटांनी डायमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. 'टाटा मर्सिडीज-बेंझ'. हा करार १९६९ पर्यंत चालला, आणि तोवर त्या ट्रकांच्या नाकावर तोच तीन टोकांचा तारा होता, जो या इमारतीत काचेच्या पेटीत ठेवला आहे. कापसासाठी इंग्रजांनी १८७० मध्ये जलंब ते खामगाव अशी आगगाडीची छोटी फांदी काढली होती. पण जिनिंगपर्यंतचा कापूस नंतरच्या काळात ओढला तो या ताऱ्यावाल्यांनी. लहानपणी कापसानं भरलेल्या ट्रकवर, थेट वर, कापसात रुतून बसून आम्ही खामगावला गेलो आहोत. मर्सिडीजनं गेलो आहोत. त्या वेळी कुणी सांगितलं नाही एवढंच.

दुसरा अध्याय याहून जवळचा. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आताच्या फोर्स मोटर्सनं, डायमलर-बेंझकडून परवाना घेऊन त्यांचं डिझेल इंजिन आपल्याकडे बनवलं. ओएम ६१६. जर्मनीत हे इंजिन २४० डी या मोटारीत असायचं, आणि त्या मोटारी तिकडे टॅक्सी म्हणून धावायच्या. आपल्याकडे ते मॅटॅडोरमध्ये बसलं आणि मग ट्रॅक्समध्ये. आणि ट्रॅक्स म्हणजे आमची काळी-पिवळी. नांदुरा, खामगाव, लग्न, दवाखाना, बाजार, मयत. आमचं सगळं जाणंयेणं वर्षानुवर्षं मर्सिडीजच्या इंजिनावर झालेलं आहे. 'तुमच्या दोस्तापाशी गाडी कोनती' म्हणणारे सगळेजण रोज तिच्यात मांडीवर पिशवी घेऊन बसत होते.

माझा आवाज बहुधा चढला असावा. एक निवृत्त जर्मन गृहस्थ जवळ येऊन ऐकू लागले. दोस्त दुभाषा झाला. त्यांना इंजिनाचं नाव ऐकून आनंद झाला. या इंजिनाला मरण नाही, असं काहीसं म्हणाले. मग त्यांनी रीतसर विचारलं, त्या गाडीत किती माणसं बसतात?

"चौदा."

"आसनं किती?"

"नऊ."

त्यांनी दोस्ताकडे बघितलं. भाषांतरात गडबड झाली असं त्यांना वाटलं. मी बोटांवर मोजून समजावलं : पुढे ड्रायव्हर धरून चार. ड्रायव्हर अर्धा आत, अर्धा बाहेर. गिअरचा दांडा दुसऱ्या माणसाच्या गुडघ्यांच्या मधोमध, त्यामुळे गिअर बदलताना त्यानं पाय उचलायचा. नेहमीच्या प्रवाशाला सांगावं लागत नाही. मधे चार, मागे समोरासमोर सहा. लेकरं धरली नाहीत. मागच्या फळीवर उभे असतात ते वेगळे. टपावरचे मोजत नाहीत.

"आणि सुरक्षापट्टा?" त्यांनी विचारलं.

"लागत नाही. हलायला जागाच नसते."

गृहस्थ बराच वेळ २६० डी कडे बघत राहिले. मला वाटतं, त्या गाडीनं आयुष्यात किती जागा वाया घालवली याचा ते हिशेब करत होते.

मग दोस्तानं आपला हुकमाचा पत्ता काढला. ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात ग्रेगोरिओस साचिनिडिस नावाचा टॅक्सीचालक होता. त्याच्याकडे १९७६ ची २४० डी होती, म्हणजे आमच्या काळी-पिवळीची सख्खी चुलत बहीण. त्यानं ती आलटूनपालटून तीन इंजिनं बसवत सेहेचाळीस लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये कंपनीनं ती त्याच्याकडून संग्रहालयासाठी घेतली आणि त्याला नवी कोरी मर्सिडीज दिली. सेहेचाळीस लाख! पृथ्वीला शंभराहून जास्त प्रदक्षिणा. ही एक गोष्ट गावाला सांगायला मिळाली म्हणून माझा सगळा प्रवास वसूल झाला. खालच्या दुकानात तारा असलेल्या किल्ल्यांच्या साखळ्या होत्या. किंमत रुपयांत करून बघितल्यावर बायकोनं मला दुकानाबाहेर आणलं.

परत आल्यावर टपरीवर सगळे जमले. मी घोडा सांगितला, पाऊण अश्वशक्ती सांगितली, बेर्टा सांगितली. बेर्टाला दाद मिळाली, पण 'नवऱ्यानं मंग काय केलं?' याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिनं पोचल्यावर तार केली, एवढं सांगितलं. इंजिनाची गोष्ट सांगितली तेव्हा सगळ्यांनी एकदम समोर बघितलं. काळी-पिवळी नांदुऱ्याच्या दिशेला तोंड करून उभी होती. दोन सीटा कमी होत्या, म्हणून ड्रायव्हर खाली उतरून आमच्यात चहा पीत होता. त्याच्या चेहऱ्यावर फारसा फरक पडला नाही. "इंजिन चांगलं हाये हे आमाले मालूम होतं," तो म्हणाला. "नाव मालूम नोतं."

मग मी ग्रीसच्या टॅक्सीवाल्याचं सांगितलं. सेहेचाळीस लाख म्हटल्यावर त्यानं ग्लास खाली ठेवला. हा आता त्याच्या बरोबरीच्या माणसाचा विषय होता.

"अन् गाडी चालू कंडिशनमधी होती?"

"होती."

"तरी उभी करून ठेवली?"

"संग्रहालयात. लोक बघायला येतात."

"बसू देत नाईत?"

"हात लावू देत नाहीत."

तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. पलीकडून दोन बाया पिशव्या घेऊन धावत येत होत्या; सीटा भरत आल्या होत्या. त्यानं चहाचे पैसे टाकले, निघता निघता वळला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "मंग सर, त्या ग्रीसवाल्याची लाईन आता कोनापाशी हाये?"